खेळण्याला शोकेस, कागदाला रद्दी

गेल्या महिन्यात दोन दिवस श्रीरामपूरला घरी गेलो होतो. मेन रोडच्या मागच्या गल्लीत स्पेअर पार्टचं एक जुनं दुकान आहे. म्हणजे होतं. मालक थकले, मुलगा बाहेरगावी नोकरीला, तेव्हा दुकान रिकामं करायला काढलं होतं. रॅक गेले, बेअरिंगचे डबे गेले, काउंटरसुद्धा गेला आणि शेवटी हातगाडीवर रद्दी चालली होती. त्या रद्दीतून एक कोपरा तिरपा बाहेर आला होता. त्यावर जीपचं पुढचं चाक आणि अर्धा बंपर. मी चहाचा ग्लास तसाच ठेवून रस्ता ओलांडला. रद्दीवाल्याने माल चौदा रुपये किलोने उचलला होता, मला वीसने दिला. नऊ किलो भरले. एकशे ऐंशी रुपये, वर एक फाटकी गोणी फुकट.

त्याच रविवारी रात्री पुण्यात एका मित्राकडे जेवायला गेलो. हा माझा जुन्या कंपनीतला मित्र, छोट्या गाड्यांचा दर्दी. भिंतभर काचेचं कपाट, आत दिव्यांच्या पट्ट्या, चारशेच्या वर डायकास्ट गाड्या. नवीन आलेली १:१८ मधली एक लाल इटालियन गाडी त्याने मला दाखवली, किंमत सांगितली (इथे लिहीत नाही, त्याची बायको हे वाचते), आणि मग दाराशी ठेवलेल्या माझ्या गोणीकडे बघून म्हणाला, "हे काय रे, रद्दीचा धंदा सुरू केलास की काय?"

तेव्हा हसलो. पण तीन आठवडे झाले, ते वाक्य काही डोक्यातून जात नाहीये. म्हणून आजचा शनिवार त्याच्या नावाने. भांडण आवडत नसेल तर पुढच्या आठवड्यात या, तेव्हा काहीतरी सात्त्विक लिहीन.

माझं म्हणणं असं आहे. आपल्याकडचे गाड्यांचे शौकीन दुसऱ्यांच्या गाड्या काचेत ठेवतात आणि आपल्या गाड्यांचे कागद रद्दीत घालतात. कागद म्हणजे आरसी बुक आणि विमा नव्हे. गाडी विकताना शोरूममध्ये जे हातात देतात ते ब्रोशर, माहितीपत्रक, आमच्याकडच्या भाषेत नुसतं 'पत्रक'. ते रद्दीत जातं याला मी 'ज्याची त्याची आवड' म्हणायला तयार नाही. ते नुकसान आहे, आणि ते करणाऱ्यांत मीही आहे. त्याबद्दल पुढे सांगतो.

आधी एक खुलासा. मी डायकास्टच्या विरोधात नाही. माझ्याकडेही साठ-सत्तर आहेत. त्यातल्या काही लहानपणच्या, भारतात लिओ-मॅटेलच्या नावाने हॉट व्हील्स निघायच्या त्या काळातल्या, रंग उडालेल्या. शिवाय ही चीज अभ्यास करण्यासारखी आहेच. बहुतेक जण १:४३, १:४३ म्हणतात, पण हा विचित्र आकडा आला कुठून ते विचारत नाहीत. तो आला रेल्वेतून. ब्रिटनमध्ये 'ओ' गेजच्या खेळण्यातल्या रेल्वेला फुटाला सात मिलिमीटर हे प्रमाण होतं, म्हणजे साधारण १:४३. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने, म्हणजे फ्रँक हॉर्नबीच्या कंपनीने, आपल्या रेल्वेच्या स्टेशनाबाहेर उभ्या करायला म्हणून १९३३ च्या शेवटी छोट्या गाड्या काढल्या, आणि १९३४ मध्ये त्यांना 'डिंकी' हे नाव मिळालं. रेल्वे मागे पडली, गाड्या पुढे गेल्या. डिंकीचा तो कारखाना १९७९ मध्ये बंद पडला, आणि त्यांचे काही जुने साचे त्याआधीच कोलकात्याला येऊन तिथे 'निकी' नावाने गाड्या निघत होत्या. हे सगळं मला आवडतं. तासन् तास बोलू शकतो.

पण मित्राच्या कपाटात काय आहे? फेरारी, लॅम्बोर्गिनी, पोर्श, तीन प्रकारची मस्टँग. सगळ्या देखण्या. यातली एकही एमएच-१७ च्या पाटीची त्याने आयुष्यात पाहिलेली नाही. (एमएच-१७ म्हणजे आमचं श्रीरामपूर. नगर १६, आम्ही १७. यावरून कॉलेजात मारामाऱ्या झालेल्या आहेत.) तो मूळचा राहुरीचा. त्याचे वडील ज्या गाडीतून ऊस तोडायच्या टोळ्या आणायला जायचे ती होती मॅटाडोर. कपाटात मॅटाडोर नाही. का नाही, तर दुकानात मिळत नाही. खरंच मिळत नाही. लूनाचं डायकास्ट मी कुठल्या दुकानात पाहिलेलं नाही, तीन चाकी टेम्पोचंही नाही, उसाच्या डबल ट्रॉलीवाल्या ट्रॅक्टरचंही नाही. ॲम्बॅसॅडर आणि मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी शोधली तर मिळते, तीसुद्धा परदेशी लोकांना आपली टॅक्सी गमतीची वाटते म्हणून.

आता हा जिल्हा बघा. फिरोदिया नगरचे. नवलमल फिरोदियांचा बजाज टेम्पोत हात, १९५८ ची कंपनी. तिच्या तीनचाकीमुळे 'टेम्पो' हा शब्द मराठीत इतका मुरला की आज कुठल्याही कंपनीच्या छोट्या मालगाडीला आपण टेम्पोच म्हणतो. (लग्नाचं वऱ्हाड टेम्पोतून जातं, पिक-अपमधून नाही.) मॅटाडोर त्यांचीच. त्यांचे भाऊ हस्तीमल फिरोदिया यांनी किनेटिक काढली, १९७२ मध्ये लूना आली, आणि किनेटिकचा कारखाना नगरला. शिवाय लष्करी वाहनांची चाचणी घेणारी व्हीआरडीई नगरला. रणगाड्यांचं संग्रहालय नगरला. चाकांच्या बाबतीत आपण काही मागासलेले नव्हतो! शिक्षक, पोस्टमन, दूधवाले, पतपेढीचे वसुली कारकून, निम्मा तालुका लूनावर फिरत होता. त्या लूनाचं छोटं रूप आज काय शिल्लक आहे? डायकास्ट नाही. उरलंय ते फक्त पत्रक. दोन घड्या घातलेला एक कागद. तो गेला की टेबलावर ठेवून दाखवण्यासारखं काहीही उरत नाही.

म्हणून मी म्हणतो की ज्यांच्या गाड्यांची खेळणी निघाली त्यांनी ब्रोशर टाकलं तरी एक वेळ चालेल. आपण टाकणं परवडत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. "अरे पण ब्रोशर म्हणजे जाहिरात. खोटं बोलतात त्यात. मॉडेल म्हणजे शुद्ध कला." हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. मॉडेल कधी जाहिरात नव्हतं? १९२० च्या दशकात आंद्रे सिट्रोएन आपल्या गाड्यांच्या हुबेहूब खेळण्यातल्या गाड्या काढून विकत होता, आजचं पोर उद्याचं गिऱ्हाईक या साध्या हिशोबाने. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर एएमटीसारख्या कंपन्यांनी प्लास्टिकची मॉडेल काढली ती खास मोटार डीलरांसाठी. खऱ्या गाडीच्या खऱ्या रंगात. बाप गाडीचा भाव करेपर्यंत पोराच्या हातात मॉडेल आणि बापाच्या हातात ब्रोशर. एकाच काउंटरवरून, एकाच पगारी माणसाने दिलेल्या या दोन वस्तू. त्यातली एक पुढे कला झाली आणि दुसरी रद्दी, याला काही तर्क?

खोटं बोलण्याचं म्हणाल तर हो, ब्रोशरमधली चित्रं खोटं बोलतात. सर्रास बोलतात. पॉन्टिॲकसाठी फिट्झपॅट्रिक आणि कॉफमन ही जोडी १९५९ ते १९७१ चित्रं काढायची, त्यात गाडी बिनधास्त ओढून रुंद केलेली असे. आपल्याकडे चित्रकार परवडत नव्हते तेव्हा कॅमेरा जमिनीला टेकवून काम भागवायचे. पण इथेच तर दोन्ही शेजारी ठेवण्याची मजा आहे. पद्मिनीची खरी लांबी साधारण ३.९ मीटर. भागिले ४३ केलं की नऊ सेंटिमीटर. १:४३ चं मॉडेल घ्या, पट्टी लावा, नऊ भरतात का बघा, आणि मग ब्रोशरमधला फोटो बघा. फोटोत ती गाडी अमेरिकन वाटते. मॉडेल आकार खरा सांगतं. पण किंमत, रंगांची यादी, हीटर कंपनीचा की जादा पैसे भरून, डावीकडचा आरसा मिळणार की नाही, ही गाडी कुणाला विकायची होती, यातलं एक अक्षर मॉडेल सांगत नाही. ते ब्रोशरच्या शेवटच्या पानावरच्या बारीक टाइपात असतं. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर मॉडेल म्हणजे डेमो, आणि शेवटचं पान म्हणजे स्पेसिफिकेशन. डेमो बघून खूश झालेलं गिऱ्हाईक पुढे काय करतं ते आम्हाला विचारा.

गोणीतला माल मी गेले तीन शनिवार-रविवार सोडवतोय. नऊ किलोतले सहा किलो बिलबुकं आणि बेअरिंगचे कॅटलॉग निघाले. उरलेल्या तीन किलोत जीप, ट्रॅक्टर, तीनचाकी, मोपेड, दोन-चार मोटारी. वर्षं बहुतेकांवर छापलेली नाहीत (का छापत नाहीत देव जाणे, छापखान्याचा बारीक कोड असतो त्यावरून अंदाज करायचा). पण ढीग जाडीप्रमाणे लावला की काळ आपोआप लागतो. जुनी पत्रकं पातळ, एक-दोन रंगांत, एका कागदाची घडी. मारुती १९८३ च्या डिसेंबरात आली, तोपर्यंत मोटार घेणारा माणूस पैसे भरून वर्षानुवर्षं नंबराची वाट बघत बसायचा. ज्याचं गिऱ्हाईक दाराशी रांगेत उभं आहे तो गुळगुळीत कागदावर कशाला खर्च करील? १९९१ नंतरची घ्या, कागद एकदम जाड, फोटोत समुद्रकिनारा, गाडीजवळ गॉगलवाली बाई. उदारीकरणावर मी कॉलेजात अख्खा पेपर लिहिला होता, तो समजला मात्र हा ढीग बोटाने चाचपताना.

आणि भाषा! मोटारींची पत्रकं सगळी इंग्रजीत. जीपचं अर्धं इंग्रजीत. ट्रॅक्टरचं संपूर्ण मराठीत. 'नांगरट', 'पल्टी', 'चिखलणी', 'बैलजोडीपेक्षा' अशा शब्दांत. म्हणजे मोटार घेणारा इंग्रजी वाचतो आणि ट्रॅक्टर घेणारा वाचत नाही, हे कंपनीने कुठेतरी एसी खोलीत बसून ठरवलं होतं. आमच्या पट्ट्यात तर दोन्ही घेणारा माणूस एकच असायचा! उसाचं बिल निघालं की एका भावाचा ट्रॅक्टर आणि दुसऱ्याची जीप. प्रवरेच्या पाण्यावर उभं राहिलेलं हे सगळं. विखे पाटलांनी लोणीला सहकारी कारखाना काढला तो १९५० च्या सुमारास, त्याच्या आधीपासून आमच्या हरेगावला बेलापूर कंपनीचा खाजगी साखर कारखाना होता. साखरेवर लोकांनी पुस्तकं लिहिली, पीएचड्या झाल्या. पण साखरेच्या पैशातून दारात काय आलं, ते कुणी कसं विकलं, कुठल्या शब्दांत विकलं, त्याचा पुरावा चौदा रुपये किलोने चालला होता.

ज्या ऐवजासाठी मी खरा रस्ता ओलांडला असं आता वाटतं तो अजून सांगितलाच नाही. मागची बाजू. जवळजवळ प्रत्येक तिसऱ्या पत्रकाच्या मागे बॉलपेनने हिशोब आहेत. डीलरचा शिक्का, त्यात तीन आकडी फोन नंबर, आणि खाली कुणीतरी केलेली बेरीज. किंमत, विमा, पासिंग, जकात. मग रेघ. मग 'सोसायटी', पुढे आकडा. 'दाजी', पुढे आकडा. एका तीनचाकीच्या पत्रकामागे 'पाटल्या' असं लिहून पुढे आकडा आहे. घरातल्या बाईच्या हातातल्या पाटल्या मोडून टेम्पो आला असणार. टेम्पो आला की नाही तेही माहीत नाही, कारण बेरजेखाली दोन वेळा गिरवलेलं 'कमी' आहे. आता मला सांगा, हे कुठल्या काचेच्या कपाटात मिळणार आहे? आणि हौशी ब्रोशरवाल्यांनाही माझा हाच प्रश्न आहे. कारण तेही काही धुतल्या तांदळासारखे नाहीत. त्यांच्या बाजारात मागच्या बाजूला लिहिलेलं असलं की मालाचा भाव पडतो! 'कोरं, शिक्का नसलेलं' हवं असतं. राजेमहाराजांच्या रोल्सचं असेल तर उत्तमच.

या कागदाचा एक रोकडा उपयोगही सांगतो, कारण 'भावनिक होऊ नकोस' असं मला आमच्या घरीच सांगितलं जातं. १९९६ साली नानांनी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांनी, ट्रॅक्टर घेतला. कुठल्या कंपनीचा ते जाऊ दे. पत्रकावर छापलं होतं की ट्रॅक्टरबरोबर हूड, बंपर, हुक, टॉपलिंक आणि हत्यारांची पेटी मिळेल. डिलिव्हरीच्या दिवशी डीलरचा माणूस म्हणाला की त्याचे वेगळे पैसे. नाना चौथी शिकलेले. भांडले नाहीत. घरी आले, ट्रंकेतून पत्रक काढलं, परत गेले, टेबलावर ठेवलं आणि त्या ओळीवर बोट ठेवून बसून राहिले. दुपारी बारा ते साडेतीन. साडेतीनला सगळं सामान ट्रॉलीत चढलं. छापलेला शब्द हा दिलेला शब्द असतो एवढं त्यांना कळत होतं. आज २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'दिशाभूल करणारी जाहिरात' याची वेगळी व्याख्याच केलेली आहे. पण जाहिरात काय होती हे दाखवायला ती तुमच्याजवळ हवी ना!

इथे दुसरा आक्षेप येतो, आणि तो आमच्याच जमातीकडून येतो. "कागद कशाला? सगळं स्कॅन असतंच. आणि हल्ली तर पीडीएफच असते." माझं पोट सॉफ्टवेअरवर चालतं, त्यामुळे या बाबतीत मला कृपया शिकवू नका. चार वर्षांपूर्वी मी गाडी घेतली तेव्हा शोरूममध्ये कागद मागितला तर पोराने एका चौकोनी कोडवर मोबाईल धरायला सांगितलं. पीडीएफ उतरवून घेतली. सात-आठ महिन्यांनी काही कारणाने तोच पत्ता पुन्हा उघडला. फाइलचं नाव तेच. आतला तक्ता वेगळा. माझ्या मॉडेलच्या रकान्यातली एक बरोबरची खूण गायब होऊन तिथे आडवी रेघ आली होती. कुठे तारीख नाही, बदल केल्याची नोंद नाही. आमच्या टीममध्ये कुणी असं गुपचूप केलं तर सोमवारच्या मीटिंगमध्ये त्याची धिंड निघेल. आता ते मॉडेलच बंद झालंय, आणि तो पत्ता उघडला की 'पान सापडले नाही'. नानांच्या ट्रंकेतला कागद कुणाला लांबून बदलता आला नसता.

आणि स्कॅन? स्कॅन जरूर करा, मीही करतोय. पण लोक स्कॅन करतात कसं ते बघा. पुढची बाजू करतात, मागची करत नाहीत, कारण मागे 'काहीतरी लिहिलेलं' असतं. डाग साफ करतात, शिक्का पुसतात, घड्यांच्या रेषा सॉफ्टवेअरने घालवतात. शिक्का गेला की ते श्रीरामपूरचं पत्रक राहत नाही, कुठलंही होतं.

आता पापं. सर्वांत मोठं पाप लॅमिनेशन. आपल्या लोकांना काय वेड आहे कळत नाही, रेशनकार्ड लॅमिनेट, दहावीची मार्कलिस्ट लॅमिनेट, सातबारा लॅमिनेट. चिकटलेलं ते पुन्हा निघत नाही आणि आत कागद पिवळा पडतच राहतो. त्यानंतर पीव्हीसीच्या स्वस्त पिशव्या, ज्या काही वर्षांनी शाई ओढून घेतात. (पॉलिएस्टरच्या घ्या, महाग पडतात पण घ्या.) मधल्या पिना गंजतात, त्या नखाने ओढू नका, पाठीमागून पाती घालून सरळ करून काढा. आणि ज्यांना 'कागद नाजूक, धातू टिकतो' असं वाटतं त्यांच्यासाठी एक बातमी. डायकास्टचा धातू म्हणजे जस्त आणि ॲल्युमिनियम वगैरेचं मिश्रण. त्यात थोडं शिसं मिसळलं गेलं असेल तर तो आतून फुगतो, तडकतो आणि शेवटी भुगा होतो. महायुद्धाआधीच्या कितीतरी डिंकी गाड्या अशा डब्यातच मेल्या. यावर औषध नाही. कसर लागलेल्या कागदाचा निदान उरलेला भाग तरी वाचतो.

दुसरं पाप कापणं. पुण्यातल्या एका जुन्या काळच्या थाटाच्या कॅफेत भिंतीवर जुन्या स्कूटरची चौकटीत लावलेली पानं आहेत. सुंदर दिसतात. मी वेटरला विचारलं की बाकीचं पुस्तक कुठे आहे, तर त्याने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर म्हणाला, "सर, तेवढंच छान होतं."

त्याला काही बोललो नाही, कारण मी स्वतः त्याच वर्गातला गुन्हेगार आहे. १९८६ मध्ये मी सहावीत होतो. वडील कुठून तरी पद्मिनीचं ब्रोशर घेऊन आले. आमच्याकडे तेव्हा सायकल होती आणि वडिलांची नोकरी अशी होती की मोटारीचं नाव काढणं हाच विनोद होता. पण ते ब्रोशर दोन-तीन महिने त्यांच्या टेबलाच्या खणात होतं. रात्री काढून बघायचे. एका रविवारी मी ते घेतलं, कात्रीने गाडी कडेकडेने अगदी छान कापली, आणि भूगोलाच्या वहीच्या कव्हरवर खळीने चिकटवली. उरलेलं चुलीत गेलं. वडील काही म्हणाले नाहीत. "चांगली कापलीस" एवढंच म्हणाले.

ती वही आईने ठेवली होती. दोन वर्षांपूर्वी, वडील गेल्यानंतर, घर आवरताना सापडली. खळ वाळून कागद सुटत आला होता, हळूच उचलला तर मागे पेन्सिल होती. वडिलांचं अक्षर. मी गाडीच्या आकाराने कापलेलं, त्यामुळे टपाच्या जागेत दोन आकडे पूर्ण आहेत, बॉनेटकडे 'दरमहा' आहे, आणि डिकीपाशी एक बेरीज सुरू होऊन कात्रीने संपते. त्यांनी खरंच हिशोब मांडला होता. आमच्यापैकी कुणालाच कधी बोलले नाहीत. किती कमी पडत होते ते त्या चुलीत गेलेल्या तुकड्यावर असणार.

पुढे त्या गाडीचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. कुर्ल्याचा कारखाना बंद पडला, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली तेव्हा पेपरांत मोठे फोटो आले. त्या आठवड्यात माझ्या मित्राने पद्मिनी टॅक्सीचं १:४३ मॉडेल मागवलं. माझ्याकडेही आहे, त्या कापलेल्या कागदाशेजारी ठेवलंय. नऊ सेंटिमीटर बरोब्बर भरतं.

मित्राचा शेवटचा मुद्दा पैशाचा होता, तोही निकालात काढतो. "मॉडेलचा भाव वाढतो, तुझ्या कागदाला कोण विचारतो?" वाढतो, खरंय. १९९५ पासून हॉट व्हील्सवाले 'ट्रेझर हंट' म्हणून ठरावीक गाड्या कमी संख्येने पेट्यांत सोडतात, आणि तेव्हापासून मोठी माणसं सकाळी दुकान उघडायच्या आधी दाराशी उभी राहून लहान पोरांच्या वाटचा माल उचलतात. पुठ्ठ्यावरचं प्लास्टिक फोडायचं नाही, गाडी हातात घ्यायची नाही, चाक फिरवायचं नाही, कारण भाव पडतो. यापेक्षा एफडी काय वाईट? माझ्या कागदाला भाव नाही हीच त्याची अडचण आहे, म्हणून तर तो रद्दीत जातो. पण भाव नाही म्हणूनच मला तो एकशे ऐंशी रुपयांत मिळाला हेही तितकंच खरं. मी तक्रार कुठल्या तोंडाने करू!

असो. काम अजून बरंच आहे. गठ्ठ्यातली तीसेक पत्रकं पावसाच्या पाण्याने एकमेकांना चिकटली आहेत, ती वाफेवर सोडवावी की ओल्या टिपकागदात ठेवावी हे ठरत नाहीये. कुणी केलं असेल तर सांगा. श्रीरामपूर, राहुरी, नेवासा, कोपरगाव या बाजूला कुणाचं जुनं गॅरेज, डीलरचं ऑफिस, ट्रॅक्टरचं दुकान बंद होत असेल तर रद्दीवाल्याच्या आधी मला कळवा. चौदाच्या जागी वीस देतो, एसटीने येतो, आणि गोणी माझी मी आणतो.

नानांनाही त्या ट्रॅक्टरचं पत्रक मागून बघितलं. ट्रॅक्टर अजून आहे, पावसात टँकर ओढतो. नाना म्हणाले, "आरं, गाडी दारात उभी हाये तवर तिचा कागद कसा देऊ?" फोटो काढू दिला. मागच्या बाजूचा नाही. मागे काय आहे विचारलं तर म्हणाले, "ते आमचं घरचं हाये."

घरचा नसतो तर बघायला मिळाला असता बहुतेक.